आखाड संपल्यावर

"मावशी, आखाड कधी लागतो?"

वृषालीनं हे विचारलं तेव्हा आम्ही दोघी सिन्नरच्या घरात, मधल्या खोलीत, शाळेच्या गणवेशांना बटणं लावत बसलो होतो. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. तिच्या हातावरची मेंदी अजून विटकरी दिसत होती. जूनचे दिवस, शाळा उघडायला आलेल्या, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रमिलाचं, घर म्हणजे खाली गणवेशाचं दुकान आणि वर संसार. त्या दिवसांत तिथं टेकायलासुद्धा जागा शोधावी लागे. जिकडेतिकडे निळ्या चड्ड्या आणि पांढरे सदरे. नव्या नवरीलाही कामातून सूट नव्हती. अर्थात सुई-दोरा तिनंच मागून घेतला होता.

"अमावास्या झाली की लागतो," मी म्हटलं. "का गं? माहेरची इतकी ओढ?"

ती हसली. हसताना ओठ ताणला गेला आणि खालच्या ओठाला बारीक चीर पडून रक्त आलं. पदराच्या टोकानं ते टिपत ती म्हणाली, "नाही, सहज विचारलं."

आमच्याकडे नव्या सुनेला पहिल्या आखाडात सासरी ठेवत नाहीत. भाऊ येतो, घेऊन जातो. श्रावण लागला की सासरचं माणूस जाऊन तिला परत आणतं. न्यायला गेलं पाहिजे, हा त्यातला मुख्य भाग. सून आपण होऊन पिशवी उचलून येत नाही. आताच्या मुली हसतील, पण तेव्हा हे सगळं बिनबोभाट पाळलं जायचं.

लग्न मीच जमवलं होतं. वृषालीचे वडील, सटाण्याचे खैरनार, माझ्या यजमानांच्या लांबच्या नात्यातले. यजमान गेल्यावरही त्यांनी येणं-जाणं ठेवलं होतं. मुलगी बी. कॉम. झालेली, नीटस, कमी बोलणारी. माझा भाचा भूषण गळ्यात टेप अडकवून दिवसभर आईच्या हाकेला ओ देणारा, मनानं चांगला पोरगा. ठरलं तेव्हा लग्न दिवाळीनंतर करायचं होतं. पण त्या वर्षी सिंहस्थ लागत होता. गुरुजी म्हणाले, "सिंहस्थ लागला की वर्षभर मुहूर्त नाही. करायचं तर आत्ता, नाहीतर पुढच्या वर्षी." दोन्ही घरं हादरली. पंधरा दिवसांत कार्यालय, केळवण, कपडे, पत्रिका सगळं उरकलं आणि ज्येष्ठातल्या एका सकाळी अक्षता पडल्या. मी मदतीला म्हणून नाशिकहून आले होते ती प्रमिलानं ठेवूनच घेतली.

बटणं लावण्याचं काम चाललेलं असताना प्रमिला वर आली. वृषालीच्या ओठांवर तूप चकाकत होतं, ते बघून म्हणाली, "अगं, जेवणात वाढायलाही थोडं राहू दे. पंधरवड्याचं तूप आहे ते."

"हो आई," वृषाली म्हणाली आणि मान खाली घातली.

प्रमिलानं मला डोळ्यांनी बाहेर बोलावलं. गॅलरीत आल्यावर दार ओढून घेतलं.

"ताई, भूषण दुकानात झोपतो. तागे अंथरून."

"उकडतं म्हणून झोपत असेल."

"लग्न झाल्यापासून? तुला कळतंय का मी काय म्हणते ते?" तिचा आवाज चढायला लागला तसा तिनं तो दाबला. "ती त्याला जवळ येऊ देत नाही. म्हणते, वणीच्या देवीला बोललेय. जोडीनं गडावर जाऊन येईपर्यंत व्रत आहे. असलं व्रत तू कधी ऐकलंस?"

मी ऐकलं नव्हतं. पण माणसं देवीला काय काय बोलतात याला गणती नाही, असं मी म्हटलं.

"बरं," प्रमिला म्हणाली. "मग जाऊन येऊ. तिला काय वाटलं, गड फार लांब आहे?"

माझ्या बहिणीचं हे असं होतं. दुसरी एखादी रडत बसली असती. तिनं शेजारच्या गोसाव्यांची जीप सांगितली. वृषालीला कळलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"इतक्यात कशाला, आई? दुकानाची गर्दी आहे. आखाड झाल्यावर जाऊ की सावकाश."

"देवीचं देणं लांबवू नये," प्रमिला म्हणाली. "आणि गर्दीचं मी बघते."

आम्ही गेलो. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना वृषाली मागे-मागे राहत होती, आणि भूषण तिच्यासाठी थांबावं की आईबरोबर चालावं हे न कळून मधेच कुठेतरी. ओटी भरली, नारळ फोडला. देवीपुढे वृषाली इतका वेळ डोळे मिटून उभी राहिली की मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. खाली उतरल्यावर, जीपच्या ड्रायव्हरसमोर, प्रमिलानं विचारलं, "फिटला नवस?"

"हो."

"मग आता काही अडचण नाही ना?"

ड्रायव्हर मिशीत हसला. भूषणचे कान लाल झाले.

जीपमध्ये ती सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली. पिशवी मांडीवर घेऊन शेजारी जागा केली आणि भूषणकडे बघितलं. मी ते बघितलं म्हणून आज सांगू शकते. तो दारात घुटमळला. "भूषण, इकडे ये, मला गार वारा लागतो, काच लागत नाही ही," प्रमिला म्हणाली, आणि तो आईशेजारी बसला. मागे मी बसले. सिन्नर येईपर्यंत वृषाली बाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकायला उठले तर ती स्वयंपाकघरात, गहू ठेवायच्या कोठीला टेकून, चटईवर झोपलेली.

त्या दिवशी स्फोट झाला. दुकान उघडायच्या आधी प्रमिलानं तिला समोर बसवलं. भूषण खिडकीपाशी उभा होता. मीही होते.

"कोण आहे तुझं सटाण्याला?"

वृषालीला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तसा तिचा चेहरा उतरला. "कोणी नाही, आई. देवाशप्पथ."

"देवाची शप्पथ राहू दे. देवाला मध्ये घालून काय झालं ते काल बघितलं मी. मनाविरुद्ध लग्न लावलं का तुझं?"

"नाही."

"मग माझ्या मुलात काही खोट आहे?"

"नाही हो. ते चांगले आहेत."

"चांगला आहे म्हणून तो तागे अंथरून झोपतो आणि तू गव्हाच्या कोठीशी. अगं, मी लग्नापासून आल्यागेल्याला हसून दाखवतेय. काय कारण आहे ते एकदा सांगून टाक."

"थोडे दिवस, आई," वृषाली म्हणाली. ती रडत नव्हती, याचंच मला तेव्हा नवल वाटलं. "आखाड होऊ द्या. मी परत आले की काही तक्रार राहणार नाही."

"म्हणजे आखाडात माहेरी जाऊन कोणाला विचारून येणार आहेस?"

वृषालीनं भूषणकडे बघितलं. भूषण खाली रस्त्यावर बघत होता. कोणी गिऱ्हाईक कुलूप बघून परत जात होतं. "मी दुकान उघडतो," तो म्हणाला आणि जिना उतरला.

मी त्याच्या मागोमाग गेले. तो शटर अर्धं वर करून तसाच वाकून उभा होता.

"अरे, तू विचार ना तिला. एकट्यानं विचार. बायको आहे तुझी."

"काय विचारू मावशी? मी आवडलो नाही, एवढंच आहे ते. तिच्या तोंडून ऐकायला जाऊ?"

"तसं नसेल रे."

"तर मग काय असेल?" तो म्हणाला, आणि शटर पूर्ण वर ढकललं.

आखाडात तिचा भाऊ न्यायला आला. प्रमिलानं त्याला जेवू घातलं, पण वाढताना एकही शब्द बोलली नाही. निघताना वृषालीनं सगळ्यांना नमस्कार केला. दुकानातून बाहेर पडताना ती भूषणजवळ थांबली. तो एका मुलाच्या खांद्याचं माप घेत होता.

"श्रावण लागला की न्यायला या," ती म्हणाली. "नक्की या."

"बघू," तो म्हणाला. नजर टेपवर.

श्रावण लागला. मी तोवर नाशिकला घरी आले होते. नागपंचमी झाली, राखीपौर्णिमा झाली. कोणी न्यायला गेलं नाही. मग एके दिवशी प्रमिला माझ्याकडे आली, चप्पल काढायच्या आतच म्हणाली, "ताई, हे तू जमवलंस, आता तूच सोडवून दे. त्यांचं त्यांना परत, आमचं आम्हाला. कोर्टात दोघांच्या संमतीनं होतं म्हणतात."

"तिला एकदा विचारू तरी."

"विचार. मी गावाला काय सांगायचं ते सांगून बसलेय."

तेव्हा मला कळलं की सांगून झालं होतं. समाजात अशी गोष्ट एस. टी.पेक्षा लवकर पोचते.

मी सटाण्याला गेले. वृषालीची आई, लीलाबाई, मला बघून दारातच रडायला लागल्या. "ताई, आमची पोर तसली नाही हो." आत वृषाली धाकट्या बहिणीला भरतकामाचा टाका दाखवत होती. मला बघून उठली. तिच्या अंगावर घरातलीच साधी साडी होती, पण केस विंचरलेले, कुंकू नीट लावलेलं. रोज तयार होऊन बसणाऱ्या माणसासारखी.

"एकट्याच आलात?" तिनं माझ्या मागे, रस्त्याकडे बघत विचारलं.

"एकटीच आले गं."

प्रमिलाचा निरोप मी सांगितला. कसा सांगितला ते आता आठवत नाही. वृषाली खाली बसली. मग धाकटीला म्हणाली, "तू बाहेर जा." आणि आईला म्हणाली, "आई, मी मावशींना सांगणार आहे."

"तोंड मिट."

"आता काय राहिलंय मिटायला?"

आणि तिनं सांगितलं. कॉलेजात असल्यापासून तिला मुरमं होती. साधी नव्हेत. गालांवर गाठी यायच्या, दुखायच्या, पिकायच्या, खड्डे पडायचे. दोन स्थळं तिच्या तोंडाकडे बघून परत गेलेली. म्हणून लीलाबाईंनी तिला कोणाला न सांगता नाशिकच्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. देण्याआधी लघवीची तपासणी करायला लावली. त्याचाच लीलाबाईंना फार राग आला होता. कुमारी मुलीची असली तपासणी कशाला?

"मग त्यांनी आईला बाहेर बसवलं," वृषाली म्हणाली. "मला म्हणाल्या, तोंड साफ होईल, पण एक नीट ऐक. या गोळ्या चालू असताना, आणि बंद केल्यावरही महिनाभर, दिवस राहता कामा नयेत. राहिले तर बाळ धड राहायचं नाही. कान, चेहरा, हृदय, मेंदू, कुठेही व्यंग येऊ शकतं. थोड्या दिवसांनी काही होत नाही, असं समजू नकोस, म्हणाल्या. पाकिटावर गरोदर बाईचं चित्र होतं, मावशी, आणि त्यावर काट मारलेली. रोज गोळी घेताना ते चित्र बघायचे मी. गोळ्यांनी ओठ फुटायचे, त्यावर तूप लावायचे ते तुम्ही बघितलंतच. लग्न दिवाळीनंतर होतं तेव्हा काही प्रश्नच नव्हता. श्रावणात गोळ्या संपणार होत्या."

"आणि सिंहस्थ आला," मी म्हटलं.

"तारीख ठरली त्या दिवशी मी बंद करते म्हटलं. आई म्हणाली, फोटो होऊ देत."

लीलाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "हळदीपर्यंत घे म्हटलं," त्या पुटपुटल्या. "पुन्हा तोंडावर उठलं असतं तर? भर मांडवात?"

"तर मग भूषणला का सांगितलं नाहीस? नवराच तो."

वृषालीनं आईकडे बघितलं. उत्तर लीलाबाईंनीच दिलं. "कातडीच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोड उभं राहतं, ताई. मुरमं म्हणून कोण ऐकणार? मागे धाकटी आहे. तिच्या डोक्यावर हात ठेवून मीच शपथ घ्यायला लावली हिला."

मी वृषालीला हळूच म्हटलं, "अगं, पण काही साधनं असतात. एवढं ताणायची काय गरज होती?"

"ती आणायची तर त्यांनीच आणायची ना? मग 'का' आलंच. आणि बाई म्हणाल्या होत्या, एकाच साधनावर भरवसा ठेवू नकोस, आणि नवऱ्याला घेऊन ये, मी समजावते. लांब राहणं एवढंच माझ्या हातात होतं. आखाडापर्यंत कसं तरी काढायचं, पुढचा महिना माहेरीच. श्रावणात सगळं मोकळं." तिनं धाकटीचं भरतकाम उचलून बाजूला ठेवलं. "गडावरून उतरताना शपथ मोडायचं ठरवलं होतं मी. देवीला सांगून आले होते. जीपमध्ये शेजारी जागा केली. ते आईंजवळ बसले."

मी त्याच दिवशी आल्या पावली सिन्नर गाठलं. दुकानातच, दोघांसमोर, सगळं सांगितलं. प्रमिलानं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य हे बोलली, "म्हणजे लपवलंच ना. कोड नसेल कशावरून?"

"तिचं तोंड तू बघितलंस. कोड कुठे होतं?"

"तोंडावर नव्हतं. बाकीचं कोणी बघितलंय? त्याला तर बघूही दिलं नाही."

भूषण मात्र कात्री खाली ठेवून उठला. "मावशी, उद्या सकाळची गाडी किती वाजता आहे?"

प्रमिला म्हणाली, "माझ्या पायरीवर मी तिला घ्यायची नाही." त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच केलं असेल.

सटाण्याला आम्ही पोचलो तेव्हा खैरनारांच्या घरात कोणी आमच्याकडे वर मान करून बघेना. वृषालीच्या वडिलांनी भूषणला "या" म्हटलं आणि आत निघून गेले. धाकटीला बघून गेलेल्या मालेगावच्या लोकांचा निरोप आदल्याच संध्याकाळी आला होता: थोरलीचं काय कानावर आलंय ते मिटेपर्यंत आम्ही थांबतो. थांबतो म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं.

वृषाली दारात उभी राहून बोलली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मला सांगायचं होतंस," भूषण म्हणाला.

"हो. चुकलंच माझं ते."

"तर मग चल. मी न्यायला आलोय."

"आईंनी पाठवलंय?"

तो उंबऱ्याकडे बघू लागला.

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत," वृषाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगत होती. "आईंनी विचारलं, शिव्या दिल्या, पण विचारलं तरी. तुम्ही नुसते उठून जायचात."

"आता विचारतो."

"आता तुम्हाला माहीत आहे."

"वृषाली, लोक काय बोलले त्यात माझा—"

"तुम्ही नाही बोललात. ठाऊक आहे. पण कोणी बोललं तेव्हा 'असं नाही' असंही म्हणाला नाहीत. धाकटीसाठी मी तोंड शिवून बसले होते. तिचंही मोडलं. आता मी तुमच्याबरोबर आले, तर लोक म्हणतील, समजूत घालून नेली, काहीतरी असणारच. आणि तुमच्या घरात दिवस राहिले, की आई महिने मोजतील. ते मी सोसेन कदाचित. त्या लेकरानं का सोसायचं?"

भूषणनं वहाणा घातल्या. लीलाबाई आतून रडत म्हणत होत्या, "जा गं, जा. न्यायला आलेत तर जा." वृषाली गेली नाही.

बसस्टँडपर्यंत मला पोचवायला ती आली. भूषण पुढे निघून गेला होता. मी तिला म्हटलं, "पोरी, इतकं ताठ राहू नये गं. त्याचं मन वाईट नाही."

"मलाही ते आवडले होते, मावशी," ती म्हणाली. "म्हणून तर. दुसरा कोणी असता तर एवढं जपलं असतं का? ते बाळ कोणाचं होणार होतं? आईंचंच नातवंड ना ते?"

बस आली. तिनं माझी पिशवी वर दिली आणि गाडी हलायच्या आधीच वळून चालू लागली.

कोर्टाचं यथावकाश झालं. सिंहस्थ संपल्यावर भूषणचं दुसरं लग्न झालं. ते मी जमवलं नाही. दोन मुलं आहेत त्याला, गुणी आहेत. वृषालीनं सटाण्याच्या पतसंस्थेत नोकरी धरली. धाकटीचं पुढे तिनंच सगळं केलं म्हणतात. तिनं स्वतः पुन्हा लग्न केलं नाही, एवढं मला पक्कं कळलं. आता माझी ऐंशी उलटली, सटाण्याची ओळखीची माणसंही एकेक करून गेली, आणि विचारावं असं कोणी राहिलं नाही.

बसस्टँडवरचं तिचं ते बोलणं मात्र त्याच दिवशी सिन्नरला पोचल्यावर मी प्रमिलाला जसंच्या तसं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकताना तिचे हात चालू होते. ऐकून झालं तेव्हा थांबले. खालून दुकानात भूषण कोणाला तरी मापं विचारत होता, त्याचा आवाज येत होता. प्रमिलानं पानं एकीकडे, देठं एकीकडे केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पोर दिसायला छान होती गं."